बी१ची पायरी : गोंदियातून परदेशी नोकरीकडे जाताना भाषेचे मोल

गोंदिया जिल्ह्यातला चोवीस वर्षांचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. आयटीआयमधून दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड केलेला, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र हातात, त्यानंतर दोन-अडीच वर्षे राईस मिलच्या मोटारी आणि पॅनल सांभाळलेला. जर्मनीने १ जून २०२४ पासून नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठी ‘चान्सनकार्टे’, म्हणजे संधीपत्र, सुरू केले. त्याला किमान सहा गुण लागतात. या मुलाचा हिशेब करून पाहू. वय पस्तिशीच्या आत, दोन गुण. गेल्या पाच वर्षांत स्वतःच्या धंद्यातला दोन वर्षांचा अनुभव, आणखी दोन. झाले चार. जर्मन भाषेची ए१ ही पहिली पातळी असेल तर अर्ज करण्यापुरती पात्रता मिळते, गुण मात्र मिळत नाही. ए२ला एक गुण, म्हणजे पाच. बी१ला दोन, म्हणजे सहा.

या मुलाचे वय, प्रमाणपत्र आणि अनुभव जिथे आहे तिथेच राहणार. वर्षभरात त्याच्या हातून बदलू शकेल अशी एकच गोष्ट या हिशेबात आहे, ती म्हणजे भाषा. परदेशात कुशल कामगार म्हणून जाण्याच्या साऱ्या प्रश्नाचे मर्म मला इथे दिसते. आपल्याकडे मात्र चर्चा होते ती पासपोर्टची, एजंटाची, विमानाच्या तिकिटाची. भाषेचे नाव निघते ते शेवटी, ‘तिकडे गेल्यावर येईलच’ अशा सुरात.

गोंदियाची माणसे बाहेर जाण्याला नवखी नाहीत. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा, तेंदूपानाचा, तलावांचा. रोवणी-कापणी संपली की हाताला काम नाही, म्हणून नागपूर, पुणे, हैदराबाद गाठणारी कुटुंबे गावोगाव आहेत. परदेशाची वाट मात्र इथे अजून मळलेली नाही. केरळात अनेक घरांतले कोणीतरी आखातात असते आणि त्याच्या अनुभवावर धाकटी मुले शहाणी होतात. आमच्याकडे ती शिदोरी नाही. म्हणूनच नियम नीट समजून घेण्याची गरज इथे जास्त आहे.

हे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि भाषेचे कामही प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे. कुठे भाषा म्हणजे दरवाजा, तिच्याविना आत पाऊलच नाही. कुठे ती गुणपत्रिकेतला एक विषय. हा फरक न कळल्याने कष्ट करणारी मुलेही चुकीच्या परीक्षेला बसतात.

जर्मनीचे पाहू, कारण महाराष्ट्राचा थेट संबंध तिथे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. जुलै २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला. प्रायोगिक तत्त्वावर दहा हजार तरुणांना पाठवायचे आणि त्यांच्या जर्मन भाषेच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलायचा, असे ठरले. परिचारिका, प्रयोगशाळा सहायक, वीजतंत्री, सुतार, रंगारी, प्लंबर, वाहनचालक अशी कामांची लांबलचक यादी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीचे तत्कालीन चान्सलर ओलाफ शोल्त्स दिल्लीला आले, तेव्हा भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचे जाहीर झाले.

आकडे मोठे आहेत. पण शून्यापासून बी१पर्यंत पोहोचायला साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात असे जर्मन भाषा शिकवणारी गोएथे संस्था सांगते, आणि बी२ला ६०० ते ८००. रोज दोन तासिका, आठवड्याचे सहा दिवस धरले तरी बी१ला सात महिने ते वर्ष जाते. घोषणा आणि विमान यांच्यामध्ये जे अंतर आहे ते मुख्यतः या तासिकांचे आहे. ते कमी करायचे तर शिक्षक हवेत, आणि शिक्षक आदेश काढून तयार होत नाहीत.

संधीपत्र हा जर्मनीचा एकच रस्ता नाही. माझ्या मते गोंदियाच्या सामान्य घरासाठी तो सर्वात सोयीचाही नाही. वर्षभराच्या निर्वाहाची तरतूद आधी दाखवावी लागते. ती महिन्याला हजार युरोंहून अधिक, म्हणजे वर्षाला दहा लाख रुपयांच्या पुढे जाते. पाच एकर धानाच्या शेतीवर ही रक्कम कुठून उभी राहणार? त्यापेक्षा मार्च २०२४ पासून आलेली मान्यता-भागीदारीची सोय अधिक कामाची. जर्मन मालकाचा नोकरीचा करार हातात असेल, आपल्या देशातले किमान दोन वर्षांचे सरकारमान्य शिक्षण असेल आणि जर्मन ए२ असेल, तर तिथे जाऊन नोकरी करता करता आपल्या शिक्षणाला मान्यता मिळवता येते. बारावी झालेल्या मुलामुलींसाठी ‘आउसबिल्डुंग’ आहे. हे जर्मन धर्तीचे प्रशिक्षण, त्यात कामही शिकायचे आणि महिन्याला विद्यावेतनही घ्यायचे. त्याच्या व्हिसाला सर्वसाधारणपणे बी१ लागते.

इथे एक बारकावा आहे, आणि तो माहीत नसल्याने मुलांचे पैसे बुडतात. आयटीआयचे सगळे ट्रेड सारखे नसतात. इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे आहेत, वेल्डर एका वर्षाचा. संधीपत्राला आणि मान्यता-भागीदारीला दोन वर्षांची अट आहे. त्यामुळे वेल्डरने फक्त एक वर्षाच्या प्रमाणपत्राच्या जोरावर बी१ केले तरी या दोन दारांशी तो अडतो. त्याने आउसबिल्डुंगचा विचार करावा. म्हणून आधी कागद तपासायचा, मग भाषेच्या वर्गाची फी भरायची. हा क्रम उलटा झालेला मी वारंवार पाहिला आहे.

परिचारिकांचे गणित आणखी वेगळे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नर्सिंगच्या शाळा आहेत, आणि रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या, हिंदी-मराठी-छत्तीसगढी तिन्ही बोलीत रुग्णाला धीर देणाऱ्या मुली आहेत. जर्मनीत परिचारिका म्हणून पूर्ण मान्यतेला साधारणपणे बी२ लागते. ही पातळी कठीण वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. खाटेवरची म्हातारी म्हणते, ‘मिअर इस्ट श्विंडलिश’. मला चक्कर येते आहे. हे तिने पुटपुटत, अर्धवट, आपल्या गावच्या ढंगात म्हटले तरी पाळी बदलताना दुसऱ्या परिचारिकेला ते अचूक सांगता आले पाहिजे. एखादा शब्द चुकला तर औषध चुकेल.

त्या वाक्याकडे जरा नीट पाहा. जर्मन माणूस ‘मी चक्कर आहे’ असे म्हणत नाही, ‘मला चक्कर आहे’ असे म्हणतो. थंडी वाजली तर ‘मिअर इस्ट काल्ट’, मला थंड आहे. इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याला ही चतुर्थी घोकावी लागते. मराठी माणसाला मला भूक लागली, मला आवडते, मला आठवते हे जन्मापासून येते. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत म्हणून हिंदी भाषक घाबरतात, पण तो, ती, ते आपल्या शाळेच्या मराठीत आहेतच. टेबल पुल्लिंगी का आणि मुलगी नपुंसकलिंगी का हे तिथे पाठच करावे लागते. तरी तिसरे लिंग असते ही कल्पना आपल्याला परकी नाही. चोवीसला जर्मन ‘फिअर-उन्ट-त्स्वान्त्सिश’ म्हणतात, म्हणजे चार आणि वीस. आपणही चो आधी म्हणतो आणि वीस नंतर. जपानीत तर वाक्याचा सांगाडाच आपला आहे. ‘वाताशि वा होन ओ योमिमास’ म्हणजे मी पुस्तक वाचतो, त्याच क्रमाने. ‘तोक्यो नि’ म्हणजे टोकियोला, ‘तोक्यो कारा’ म्हणजे टोकियोहून. विभक्तीचे प्रत्यय शब्दानंतर लागतात, आधी नाही. ही भाषा इंग्रजी पुस्तकातून इंग्रजी वाक्यरचनेशी ताडून शिकवली की मुलाला ती दुप्पट अवघड वाटते. मराठीतून शिकवली तर निम्मे व्याकरण ओळखीचे निघेल. जर्मन आणि जपानी मराठीच्या आधाराने शिकवणारे चांगले पुस्तक गोंदियासारख्या जिल्ह्यातल्या मुलांच्या हाती पडणे ही माझ्या मते एखाद्या योजनेइतकीच मोलाची गोष्ट आहे.

जपानचा विषय निघालाच आहे. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात ‘विशिष्ट कुशल कामगार’ या व्हिसासाठी करार झाला. त्यात भाषा हा सरळ दरवाजा आहे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही संगणकावरची परीक्षा, २५० पैकी २०० गुण, आणि सोबत त्या कामाची कौशल्य चाचणी. वृद्धसेवेच्या कामाला वृद्धसेवेतल्या जपानीची वेगळी परीक्षा आहे. क्षेत्रांमध्ये शेती आहे, बांधकाम आहे, उपाहारगृहे आहेत. शेती आहे हे वाचून मी थांबलो होतो. जपान धानाचा देश आहे. चिखलणी, रोवणी, बांधीतले पाणी राखणे हे ज्याने लहानपणापासून केले त्याच्या अंगातली ही जाण तिथे उपयोगी पडू शकते, पण एन४ नसेल तर ती दाखवायची संधीच मिळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट ठरवले. त्यात भारतातून जपानला जाणारे पन्नास हजार कुशल मनुष्यबळ आहे. एक गोष्ट घरच्यांना आधी सांगायला हवी. या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात एकूण पाच वर्षे राहता येते आणि कुटुंब नेता येत नाही. पदवीधर अभियंत्यांसाठी जपानची गुणांवर चालणारी वेगळी पद्धत आहे. तिथे सत्तर गुण लागतात, त्यात एन१ला पंधरा आणि एन२ला दहा मिळतात.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया हे आयटीआयपेक्षा पदवीधरांचे देश. तिथे भाषा गुणपत्रिकेत बसते. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री या गुणांवरच्या निवडीचा हिशेब एकदा मांडून पाहिला की डोळे उघडतात. एकोणतीस वर्षांची, अविवाहित, पदवीधर, तीन वर्षे नोकरी केलेली मुलगी घ्या. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत श्रवण साडेसात आणि बाकी तिन्हींत साडेसहा आले तर तिचे एकूण गुण होतात ३६०. श्रवण आठ आणि बाकी सात आले तर ४२९. अर्ध्या पट्टीच्या फरकाने एकोणसत्तर गुण! कारण भाषेची ती पातळी ओलांडली की शिक्षणाचे आणि अनुभवाचे जोडगुणही वाढतात. पुन्हा परीक्षा देण्याची फी अनेकांना उधळपट्टी वाटते. हा हिशेब पाहिल्यावर तसे वाटू नये.

आता तिने फ्रेंचची भर घातली आणि चारही कौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवरची सातवी पातळी गाठली तर आणखी बासष्ट गुण, म्हणजे ४९१. शिवाय २०२३ पासून कॅनडा फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळी निवड करतो. २९ फेब्रुवारी २०२४च्या फेरीत ३३६ गुणांवर अडीच हजारांना, आणि २१ मार्च २०२५ला ३७९ गुणांवर साडेसात हजारांना बोलावणे गेले. सर्वसाधारण फेरीला पाचशेच्या पुढे लागत असताना हे घडले. मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या हमीपत्राचे गुण काढून टाकल्यावर भाषेचे वजन आणखी वाढले. पण फ्रेंचची ती पातळी म्हणजे साधारण बी२, दीड-दोन वर्षांचे काम. आणि गुणपत्रकाची मुदत दोन वर्षे. त्यामुळे परीक्षा केव्हा द्यायची हेही आधी ठरवावे लागते.

ऑस्ट्रेलियात इंग्रजीला जास्तीत जास्त वीस गुण आहेत, आयईएल्टीएसच्या चारही भागांत आठ आले तर. सात आले तर दहा. किमान पासष्ट गुणांच्या त्या पद्धतीत आणखी एक सोय आहे आणि मराठी घरांतून ती फार थोड्यांना माहीत असते. ‘नाटी’ नावाची संस्था समाजभाषेची परीक्षा घेते. ती उत्तीर्ण झाल्यास पाच गुण मिळतात, आणि त्या भाषांच्या यादीत मराठी आहे. म्हणजे आपल्या मायबोलीचे गुण! परीक्षेत दोन संवाद असतात. एक माणूस इंग्रजी बोलतो, दुसरा मराठी, आणि मधे तुम्ही. बँकेचा कारकून हप्त्याबद्दल सांगतो, समोरची बाई तिची अडचण सांगते, ते दोन्हीकडे पोहोचवायचे. नव्वदपैकी त्रेसष्ट गुण हवेत आणि प्रत्येक संवादात किमान एकोणतीस.

सोपे वाटते ना? आमच्या भागातल्या मुलांना ते सोपे जात नाही. गोंदियाचा बाजार हिंदी बोलतो, घरी पोवारी किंवा झाडीबोली, सालेकसा-देवरीकडे गोंडी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. आम्ही एका वाक्यात तीन भाषा सहज मिसळतो. या परीक्षेत विनाकारण भाषा बदलली की गुण कापले जातात. ‘लोन’, ‘अपॉइंटमेंट’, ‘रिपोर्ट’ हे शब्द तोंडात बसलेल्याला कर्ज, भेटीची वेळ, अहवाल हे ऐन वेळी आठवत नाहीत. त्यासाठी मराठी वाचावे लागते, आणि रोज वाचावे लागते. गोंडीला त्या यादीत जागा नाही, पोवारीला नाही. त्या मुलांनी घरी जोपासलेल्या भाषेचा तिथे काही गुण होत नाही, याचे मला वाईट वाटते. तरी एक खरे : तीन भाषांत वाढलेल्या मुलाला चौथी शिकण्याची भीती कमी असते. परक्या मुलखात भाषा शिकून घर करणे कसे असते ते पाहायचे तर अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळच्या नॉर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत जावे. ती माणसे तिबेटी घेऊन आली आणि बाजारापुरती हिंदी-मराठी शिकून इथली झाली.

मग अडते कुठे? शिकण्याची कुवत आहे, शिकायची जागा नाही. जर्मनचा वर्ग म्हटले की नागपूर, आणि गोएथेच्या परीक्षेसाठी बहुतेकांना पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्याला पोहोचते ती सुमारे हजार किलोमीटर तोडून. परीक्षेची फी, तिकीट, दोन रात्रींचा मुक्काम आणि बुडालेली रोजी यांची बेरीज केली की एक नापास होणे महाग पडते. म्हणून हेही सांगतो : गोएथेची बी१ परीक्षा चार भागांत असते, वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येक भागात शंभरपैकी साठ हवेत, आणि एक भाग गेला तर तेवढाच पुन्हा देता येतो. ए१ला ही सोय नाही. ऑनलाइन वर्ग आहेत, त्यांचा उपयोग होतो, पण शेतातल्या घरात नेटवर्क तुटत तुटत संभाषण शिकणे अवघड. आणि बहुतेक जण अडतात ते संभाषणात.

या पोकळीत एजंट शिरतो. मी एका गावात खांबावर चिकटवलेली जाहिरात पाहिली : तीन महिन्यांत जर्मनी, भाषेची गरज नाही, जागा मर्यादित. वर उल्लेखलेल्या तासिकांशी हे ताडून पाहा. भारताच्या कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे परवाना लागतो आणि तो उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेऊ शकत नाही. परवानाधारकांची यादी केंद्राच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. दोन-तीन लाख मागणारा आणि भाषेची गरज नाही म्हणणारा माणूस समोर आला तर आधी ही यादी उघडा.

केरळने ही गोष्ट सरकारी पातळीवर हाती घेतली. डिसेंबर २०२१ मध्ये नोर्का रूट्स या सरकारी संस्थेने परिचारिकांना जर्मनीला पाठवण्याचा ‘ट्रिपल विन’ करार केला. मग तिरुवनंतपुरमला स्वतःची परदेशी भाषांची संस्था काढली. भाषेचे शिक्षण हा पाठवणीचाच भाग मानला. महाराष्ट्राच्या करारात ही दिशा आहे, पण ती पुण्या-मुंबईपाशी थांबू नये. सगळे तरुण निघून जावेत असे मला वाटत नाही. धानाचा हा मुलूख ओस पडावा असे कोणाला वाटेल? पण ज्याने जायचे ठरवले आहे त्याने परवानगीचा कागद घेऊन, कामाचा पुरता दाम घेऊन जावे, आणि आजारी पडल्यावर स्वतःचे दुखणे स्वतःच्या तोंडाने सांगता यावे, एवढे तरी त्याच्या पदरी असायला हवे.

म्हणून जिल्हा प्रशासनाला, आयटीआयच्या प्राचार्यांना आणि नर्सिंग शाळांना एक मागणी. गोंदियात आणि देवरीत, संध्याकाळी पाच ते सात, वर्गखोल्या रिकाम्या असतात तेव्हा, जर्मन बी१पर्यंतचा आणि जपानी एन४पर्यंतचा एकेक वर्ग सुरू करा. शिक्षक मराठी जाणणारा असावा. आणि वर्षातून एकदा तरी बी१च्या परीक्षेचे केंद्र नागपूरला व्हावे, म्हणजे सालेकशाच्या मुलीला सकाळची गाडी धरून रात्री घरी परतता येईल.